मुलगा घोरतो आणि अंथरूणही ओलं करतो: तक्रारी दोन, कारण एकच असू शकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. चार वर्षांचा झाल्यावर रात्री अंथरूण ओलं करणं थांबलं होतं आणि वर्षभराहून जास्त काळ तो कोरडा होता. सहावं सरता सरता पुन्हा सुरू झालं, आता आठवड्यातल्या चार-पाच रात्री. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी नॉर्मल. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलं, रात्री बाराला उठवून बाथरूमला नेलं, जंतांचं औषध दिलं, तिळाचे लाडू झाले. डॉक्टरांनी रात्री घ्यायच्या गोळ्या दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला आणि त्या थांबल्यावर पुन्हा तेच. शेवटी आई लिहितात: "तो मोठ्या माणसासारखा घोरतो, तोंड उघडंच असतं. याचा काही संबंध असेल का? सासूबाई म्हणतात झोप फार गाढ आहे म्हणून होतं. डिसेंबरमध्ये शाळेची दोन मुक्कामांची सहल आहे, पाठवू का?"

ताई, घोरण्याबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मी तिथूनच सुरुवात करते. हो, संबंध असू शकतो, आणि तुम्ही जे वर्णन केलं आहे त्यावरून तुमच्या मुलाच्या बाबतीत तो असण्याची शक्यता मला बरीच वाटते. बालरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं मी हेच बघत आले आहे की अंथरुणाची तक्रार एका डॉक्टरकडे जाते आणि घोरण्याची, सर्दीची, टॉन्सिलची दुसऱ्याकडे. घोरणं तर बरेचदा कुठेच जात नाही, कारण "बाबांसारखा घोरतो" म्हणून घरात त्याचं कौतुकच झालेलं असतं. लहान मूल अधूनमधून सर्दीत घोरलं तर ठीक. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तर ते तपासायलाच हवं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये झोपेतल्या श्वास-अडथळ्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या लक्षणांच्या यादीत अंथरूण ओलं करणं आहे, आणि सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालेलं विशेष करून. तुमचा मुलगा नेमका त्या वर्णनात बसतो.

ही काही नवीन गोष्ट नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिश्चन गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये झोपेत श्वास थांबणाऱ्या आठ मुलांची माहिती प्रसिद्ध केली, त्यातच दिवसा पेंगणं, अभ्यासात मागे पडणं, सकाळी डोकं दुखणं यांच्याबरोबर पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं नोंदलेलं आहे. तरीही आजसुद्धा लघवीची सोनोग्राफी लिहून दिली जाते, पण "मूल झोपतं कसं?" हे विचारायचं राहून जातं. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता हे होतं कसं ते सांगते. हे नीट समजलं की पाणी बंद करून का भागत नाही तेही कळेल.

रात्र कोरडी जायला तीन गोष्टी जमाव्या लागतात. रात्री किडनीने लघवी कमी तयार केली पाहिजे, लघवीच्या पिशवीने ती सकाळपर्यंत धरून ठेवली पाहिजे, आणि पिशवी भरलीच तर मेंदूने मुलाला जागं केलं पाहिजे. झोपेत श्वास अडतो तेव्हा या तिन्ही गोष्टी बिघडतात.

साधारण दोन ते आठ वर्षांच्या काळात टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ घशातल्या जागेच्या मानाने सगळ्यात मोठी असते. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, म्हणून निभावतं. झोप लागली की ते सैल पडतात. शहाळ्यातली स्ट्रॉ मऊ असली आणि आपण जोराने ओढलं की ती आतल्या आत चिकटते, तसा घसा चिकटतो. मूल आणखी जोर लावून श्वास ओढतं, छाती फुगवायला बघतं, पण हवा आत जात नाही. छातीच्या पोकळीत दाब खूप उतरतो आणि त्या ओढीने शरीराकडून हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ते ताणले गेले की हृदयाचा समज होतो की अंगात पाणी फार झालं आहे, आणि ते एएनपी नावाचं संप्रेरक सोडतं. हे संप्रेरक किडनीला सांगतं की मीठ आणि पाणी बाहेर टाक. त्याच वेळी रात्री लघवी कमी ठेवणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक दबतं. एका रात्रीत असे अडथळे शेकड्यांनी होऊ शकतात. प्रत्येक वेळी थोडी थोडी लघवी वाढत जाते.

सहानंतर पाणी बंद करूनही गादी भिजते ती यामुळे. जी लघवी होते ती त्या संध्याकाळच्या ग्लासातली नसते, अंगात आधीच असलेलं पाणी हृदयाच्या चुकीच्या निरोपामुळे बाहेर टाकलं जातं. तुमच्या गोळ्यांचा परिणाम अर्धवट का झाला याचाही एक खुलासा इथे सापडू शकतो. त्या गोळ्या बहुधा डेस्मोप्रेसिनच्या असाव्यात. त्या व्हॅसोप्रेसिनची जागा घेतात, पण एएनपीमुळे जे मीठ बाहेर पडतं त्याच्याबरोबर पाणी जातच राहतं.

लघवीच्या पिशवीचं थोडक्यात सांगते. श्वासासाठी पोटाच्या स्नायूंनी जोर केला की पिशवीवर दाब येतो, आणि तुटक झोपेत पिशवी पूर्ण भरायच्या आधीच आकुंचन पावण्याची प्रवृत्ती वाढते.

मेंदूच्या बाबतीत सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, मी ते बाजूला सारणार नाही. अशी मुलं खरोखरच उठता उठत नाहीत. फक्त त्याचं कारण गाढ, तृप्त झोप हे नाही. श्वास अडला की मेंदूला दर वेळी किंचित जागं होऊन घशाचे स्नायू ताणावे लागतात, म्हणजे रात्रभर मेंदूला सारखे हेलपाटे. अशा झोपेच्या उपासमारीत मेंदू आपला उंबरठा वर चढवून ठेवतो, आणि मग लघवीची जाणीव त्या उंबरठ्याच्या खालीच राहते. हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये अंथरूण ओलं करण्याचा त्रास तीव्र असलेल्या मुलांची झोप तपासली, तेव्हाही हेच दिसलं की ही मुलं गाढ झोपत नव्हती, त्यांची झोप हलकी आणि वारंवार तुटणारी होती, तरी ती पूर्ण जागी होऊ शकत नव्हती. म्हणून कृपा करून "आळशी आहे", "मुद्दाम करतो", "लाज वाटत नाही का" हे घरात कोणीही म्हणू नका, आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच. त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याला बोलणं हा अन्याय आहे. मी दवाखान्यात अशी मुलं बघते, जी आईकडे न बघता जमिनीकडे बघत उत्तर देतात. ती मान वर यायला औषधापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता तितकंच महत्त्वाचं दुसरं. अंथरूण ओलं करणाऱ्या बहुतेक मुलांना श्वासाचा त्रास नसतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यातली अंदाजे 15 टक्के काहीही न करता कोरडी होतात. आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलात येण्याची शक्यता बरीच वाढते. झोपेत श्वास अडण्याचा आजार 1 ते 5 टक्के मुलांत असतो, आणि अशा मुलांपैकी साधारण तीनातलं एक अंथरूण ओलं करतं. म्हणजे जन्मापासून कधीच कोरडं न राहिलेलं, न घोरणारं पाच वर्षांचं मूल घेऊन कोणी टॉन्सिल काढायला धावू नये. तुमच्या मुलाचं वेगळं आहे, कारण तो कोरडा होऊन पुन्हा सुरू झाला, रोज घोरतो आणि तोंड उघडं ठेवून झोपतो.

पुन्हा सुरू झालेलं असल्यामुळे घशाकडे वळण्याआधी एक गोष्ट आजच बघा. लघवीचा तो "नॉर्मल" रिपोर्ट काढा आणि त्यात शुगरच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते वाचा. रिपोर्ट काही महिने जुना असेल तर बोटाच्या टोकाचं रक्त घेऊन साखर तपासून घ्या, कुठल्याही दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे. लहान मुलांचा मधुमेह कधीकधी असाच सुरू होतो. फार तहान लागणं, दिवसाही सारखी लघवी, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर उद्यावर ढकलू नका. दुसरं म्हणजे बद्धकोष्ठ. शौचाला खडा होत असेल, तीन-तीन दिवस होत नसेल, तर भरलेलं आतडं लघवीच्या पिशवीला जागाच देत नाही, आणि हे सोनोग्राफीच्या निष्कर्षात बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. शाळा बदलली, धाकटं भावंड आलं, वर्गात कोणी त्रास देतं, हेही प्रेमाने विचारा.

यानंतरचं महत्त्वाचं काम तुमच्या मोबाइलचं आहे. मुलगा दवाखान्यात जागा असतो, त्यामुळे मला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्याचा त्रास दिसतच नाही. तुम्हाला दिसतो. झोप लागल्यावर दोन-एक तासांनी एकदा, आणि शक्य असेल तर पहाटे चार-पाचच्या सुमारास पुन्हा एकदा व्हिडिओ घ्या. पहाटेचा मुद्दाम सांगते, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तेव्हा स्नायू सगळ्यात सैल असतात आणि अडथळे वाढतात. अनेक आया अकरा वाजता बघतात, मूल शांत वाटतं, आणि त्या निर्धास्त होतात. पांघरूण बाजूला करा, सदरा वर सरकवा, खोलीतला दिवा लावा, आणि चेहरा, छाती, पोट एका चौकटीत येईल असं धरून सलग दोन-तीन मिनिटं घ्या. आवाज नीट यायला पंखा कमी करा.

मग तो व्हिडिओ बघताना आवाजापेक्षा छातीकडे लक्ष द्या. नेहमीच्या श्वासात छाती आणि पोट बरोबरीने वर येतात. अडथळा असेल तर पोट वर येतं आणि छाती आत जाते, बरगड्यांच्या खाली आणि गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जाते. घोरण्याचा आवाज चढत चढत जातो आणि एकदम बंद होतो. त्या शांततेत छाती-पोटाची धडपड चालूच असते, मग एक घुसमटल्यासारखा हुंदका, अंगाला झटका, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं. ती मधली शांतता म्हणजे "बरं झालं, घोरायचं थांबला" असं वाटण्याची जागा आहे, प्रत्यक्षात तेव्हा श्वास बंद असतो. मान मागे टाकून झोपणं, गुडघे पोटाशी घेऊन पालथं झोपणं, बसून झोपणं, हिवाळ्यातही मानेला-डोक्याला घाम, उशीवर लाळेचा डाग, हेही टिपून ठेवा. घोरण्याचा आवाज लहान असला तरी अडथळा मोठा असू शकतो, आणि उलटही.

दिवसाची लक्षणं फसवी असतात. मोठी माणसं झोप झाली नाही की पेंगतात, मुलं बरेचदा उलट वागतात. एका जागी बसत नाहीत, चिडतात, लक्ष टिकत नाही, आणि बाई वहीत "चंचल आहे" असा शेरा देतात. सकाळी तोंड कोरडं, डोकं दुखणं, नाकात बोलणं, भाकरीचा घास तासन् तास तोंडात घोळवणं (नाक बंद असताना चावणं आणि श्वास घेणं एकदम जमत नाही), वजन न वाढणं. विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी 1892 च्या आपल्या वैद्यकीय ग्रंथात सुजलेल्या टॉन्सिलच्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचं, त्यांच्या मंद चेहऱ्याचं आणि रात्रीच्या धडपडीचं वर्णन करून ठेवलं आहे. लक्षणं तीच आहेत, फक्त आता आपल्याकडे मोजायची साधनं आहेत.

घरी आणखी एक मोजमाप करता येईल, शनिवार-रविवार जोडून तीन-चार रात्री. रात्री पॅड किंवा डायपर लावा, कोरड्याचं वजन आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून ठेवा, सकाळी ओल्याचं करा. फरक जितके ग्रॅम, तितकी मिली लघवी. त्यात सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मापात धरून मिळवा. मुलाच्या लघवीच्या पिशवीची अपेक्षित क्षमता काढायचं साधं सूत्र आहे: वयात एक मिळवा आणि 30 ने गुणा. सात वर्षांच्या मुलासाठी 240 मिली. रात्रीची एकूण लघवी याच्या 130 टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे 310 मिलीपेक्षा जास्त येत असेल, तर किडनी रात्री जास्त लघवी करते आहे असं समजायचं. मुलाला हे करताना "आपण मोजतोय" एवढंच सांगा, त्याची परीक्षा चालली आहे असं वाटू देऊ नका.

व्हिडिओ आणि या मोजमापांची वही घेऊन आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे आणि मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते टॉन्सिलचा आकार बघतील, अ‍ॅडेनॉइडसाठी मानेचा बाजूने एक्स-रे किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासतील. टॉन्सिल मोठे दिसले म्हणून आजार मोठाच असेल असं नाही, मध्यम टॉन्सिल आणि अरुंद टाळू मिळूनही मूल गुदमरू शकतं. पक्कं निदान रात्रीच्या झोपेच्या तपासणीने होतं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत ती होते. डोक्याला, छातीला, बोटाला तारा चिकटवतात, सुई नाही, दुखत नाही, आई शेजारी झोपते.

या तपासणीच्या रिपोर्टबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तासाला किती वेळा श्वास अडला हा त्यातला मुख्य आकडा. मोठ्या माणसांत तो 5 च्या खाली असला की नॉर्मल म्हणतात. मुलांत 1 किंवा त्याहून जास्त असला तरी तो आजार धरतात, 5 च्या वर मध्यम आणि 10 च्या वर तीव्र. जिथे मुख्यतः मोठ्यांच्याच तपासण्या होतात तिथे मुलाचा 4 आकडा "नॉर्मल" म्हणून छापून येऊ शकतो. रिपोर्ट मुलांच्या निकषांनी वाचला आहे ना, हे स्पष्ट विचारा. तुमच्या गावी ही सोय नसेल तर रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून नोंद घेता येते. त्यात ऑक्सिजन वारंवार उतरलेला दिसला तर ती नोंद उपयोगी आहे, पण नोंद सरळ आली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

उपचार आजाराच्या तीव्रतेवर ठरतात. सौम्य असेल, नाक ॲलर्जीने भरलेलं असेल, तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा साधारण दीड ते तीन महिने नियमाने वापरून बघतात. तो उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, फवाऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे मधल्या पडद्याला इजा होऊन रक्त येत नाही. झोपायच्या खोलीत मच्छर अगरबत्ती आणि धूप नको, मच्छरदाणी लावा. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर पलंग भिंतीपासून दूर घ्या, गोधड्या-उशा ऊन पडलं की उन्हात टाका. घरात कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर "बाहेर जाऊन ओढतो" हे पुरेसं नाही. माँटेलुकास्ट ही ॲलर्जीची गोळी काही डॉक्टर देतात. तिने काही मुलांत चिडचिड, भीतीदायक स्वप्नं, उदासी येऊ शकते आणि 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याबद्दल ठळक इशारा दिला आहे, म्हणून दिली तर वागण्यावर लक्ष ठेवा. मुलाचं वजन जास्त असेल तर तेही उतरवायला हवं.

मध्यम किंवा तीव्र आजारात आणि टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड मोठे असतील तर ते काढणं हाच पहिला उपचार. 2013 मध्ये अमेरिकेतल्या 464 मुलांवरच्या अभ्यासात, 5 ते 9 वयोगटात, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली. नुसतं थांबून लक्ष ठेवलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची आली. हे दोन्ही आकडे मी पालकांना मुद्दाम सांगते. शस्त्रक्रियेचा फायदा मोठा आहे, आणि सौम्य आजारात काही महिने थांबणंही गैर नाही.

तुमचा खरा प्रश्न, म्हणजे अंथरूण कोरडं होईल का. श्वासाच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांपैकी अंदाजे निम्मी पूर्ण कोरडी होतात, काहींचं कमी होतं, आणि काहींना काहीच फरक पडत नाही. फरक पडायचा असेल तर तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत दिसतो. तुमचा मुलगा आधी कोरडा होता, म्हणून मला आशा जास्त वाटते. पण फक्त अंथरुणासाठी, श्वासाचा आजार सिद्ध झालेला नसताना, टॉन्सिल काढायला मी कधीच सांगणार नाही. शस्त्रक्रियेचं कारण श्वासाचा त्रास हे असावं, अंथरूण कोरडं होणं हा जोडीचा फायदा.

टॉन्सिल काढल्याने प्रतिकारशक्ती जाते का, हे सगळेच विचारतात. घशात तसल्याच पेशींचे इतर साठे असतात, आणि या वयात काढल्यावर रोजच्या आयुष्यात जाणवेल अशी कमतरता येत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या गोष्टी मात्र गांभीर्याने घ्या. तीन वर्षांखालचं, खूप जाड किंवा तीव्र आजाराचं मूल त्या रात्री रुग्णालयात देखरेखीखाली असावं. घशात पांढरट थर दिसतो, तो पू नसतो. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली निघताना रक्त येऊ शकतं. थुंकीत लाल रक्त दिसलं तर घरी बर्फ चघळायला देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल वेळच्या वेळी द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अशा मुलांना अजिबात नको, त्याने श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत.

इथे विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी थोडं. सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांत किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून अंथरूण ओलं होणं नेहमीचं असतं, आणि त्यांच्यात झोपेत श्वास अडण्याचा त्रासही जास्त आढळतो. त्यामुळे "सिकलसेल आहे, होणारच" म्हणून सोडून देऊ नका. या मुलांत रात्री ऑक्सिजन उतरणं जास्त धोक्याचं आहे. आणि त्यांचं पाणी कधीही कमी करायचं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची झोपेची तपासणी तर लक्षणं नसतानाही चार वर्षांपर्यंत करून घ्यावी असा सल्ला आहे.

निदान होईपर्यंत घरी काय करायचं? सहानंतर पाणी तोडणं सोडा. आपल्याकडे शाळेतली स्वच्छतागृहं घाण असतात म्हणून मुलं, मुली तर जास्तच, दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी आल्यावर एकदम चार ग्लास पितात. बाटली भरलेली परत येते का बघा. दिवसभराचं बहुतेक पाणी संध्याकाळी पाचपर्यंत पोटात जावं, जेवताना हवं तेवढं, मग झोपेपर्यंत घोट-दोन घोट. शाळेत दर दोन-तीन तासांनी लघवीला जाऊ द्यावं अशी बाईंना चिठ्ठी द्या. बाराला उठवून अर्धवट झोपेत नेण्याने त्या रात्रीची गादी कदाचित वाचते, पण मेंदू काही शिकत नाही, आणि त्याची आधीच तुटकी झोप आणखी तुटते. गादीवर रबरी चादर घाला. सकाळी ओली चादर बादलीत टाकायला त्याची मदत घ्या, पण शिक्षा म्हणून नाही, घरातलं एक काम म्हणून. तिळाचे लाडू त्याला आवडत असतील तर द्या, त्यांनी अपाय नाही, फक्त त्यांच्यावर महिने घालवू नका.

सहलीला त्याला पाठवा. डेस्मोप्रेसिनने त्याला थोडा फायदा झाला होता, तेव्हा त्या दोन रात्रींपुरती ती वापरता येईल का हे डॉक्टरांना विचारा. द्यायची ठरली तर आधी आठवडाभर घरी देऊन मात्रा पक्की करा. गोळी घेण्याआधी एक तासापासून नंतर आठ तासांपर्यंत एकूण एका ग्लासपेक्षा जास्त द्रव नको, शेकोटीशेजारी मिळणारं सरबतसुद्धा त्यात धरायचं. हे पाळलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. डोकं दुखणं, उलटी झाली तर गोळी बंद. उलट्या-जुलाबात किंवा तापात ती द्यायचीच नाही. एका शिक्षकांना विश्वासात घ्या, झोपायच्या पिशवीत चड्डीसारखा डायपर आणि एक जास्तीची पँट आधीच ठेवा, म्हणजे त्याला मित्रांसमोर काही मागावं लागणार नाही. त्याला कुशीवर झोपवायला शिक्षकांना सांगा.

श्वास मोकळा झाल्यावर तीन महिने गेले आणि तरी अंथरूण ओलं होतच राहिलं, तर निराश होऊ नका. त्या वेळी ओलाव्यावर वाजणारा अलार्म कामाला येतो. चड्डीला किंवा गादीला लावलेला पट्टा ओला झाला की तो वाजतो. श्वास अडत असताना हाच अलार्म अख्खं घर उठवतो आणि मूल मात्र झोपूनच राहतं, म्हणून अनेक घरांत तो आठवड्याभरात कपाटात जातो. झोप सुधारल्यावर मेंदू त्याला दाद देऊ लागतो. अलार्म वाजला की पहिले काही आठवडे तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी उठून त्याला पूर्ण जागं करायचं, बटण त्यालाच बंद करायला लावायचं, बाथरूमला नेऊन मग चादर बदलायची. दोन ते तीन महिने सलग लावा, मध्ये सुट्टी नको. सलग 14 रात्री कोरड्या गेल्या की काढा, आणि पुन्हा सुरू झालं तर परत लावा, दुसऱ्या वेळी बहुतेक मुलं लवकर शिकतात.